सेंटिनल्स ऑफ द मल्टिव्हर्स पीसी-टॅबवर कसा खेळायचा: पहिल्या टीमपासून बॅरन ब्लेडला हरवेपर्यंत सगळं

ज्यांनी हा गेम कधी उघडलाच नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. सेंटिनल्स ऑफ द मल्टिव्हर्स हा मुळात टेबलावर खेळायचा कार्ड गेम, अमेरिकेतल्या ग्रेटर दॅन गेम्स कंपनीचा. क्रिस्टोफर बडेल, पॉल बेंडर आणि चित्रकार ॲडम रेबोटारो या तिघांनी बनवलेला, २०११ च्या जेन कॉन या अमेरिकेतल्या गेम्सच्या मेळाव्यात पहिल्यांदा लोकांसमोर आला. मग २०१४ मध्ये हँडेलाब्रा गेम्सने त्याचं डिजिटल व्हर्जन काढलं, टॅब्लेटवर आणि स्टीमवर (पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान). यात खेळाडू एकमेकांशी लढत नाहीत, सगळे हिरो एका बाजूला आणि व्हिलन दुसऱ्या बाजूला, आणि व्हिलनला कोणी चालवत नाही, त्याचा डेक (कार्डांचा गठ्ठा) आपोआप चालतो. जिंकलो तर सगळे जिंकलो, हरलो तर सगळे हरलो.

मला हा गेम मनापासून आवडतो आणि त्याचं एक कारण हे की यातले सुपरहिरो कुठल्याच प्रसिद्ध कॉमिक्समधून उचललेले नाहीत. बनवणाऱ्यांनी अख्खं एक काल्पनिक कॉमिक्सचं विश्व उभं केलंय, प्रत्येक कार्डाच्या खाली कुठल्या तरी अंकातला डायलॉग छापलेला असतो अंकाच्या नंबरासकट, आणि तो अंक कधी अस्तित्वातच नव्हता. ते डायलॉग ॲपमध्ये पण आहेत, कार्ड मोठं करून वाचत जा, नुसतं खेळण्यापेक्षा दुप्पट मजा येते.

आता मुद्द्याचं. डिजिटल व्हर्जनमध्ये ॲप सगळा हिशोब करतं, कोणाला किती डॅमेज, कोणाचे किती एचपी (हिट पॉइंट्स, म्हणजे उरलेला जीव) उरले, कुठला इफेक्ट कधी संपला, टेबलावर हे सगळं टोकन ठेवून सांभाळायला लागतं आणि पाच हिरो असले की डोकं फिरतं. पण याच सोयीमुळे नवीन लोक हरतात. कारण हिशोब दिसत नाही म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही, आपला टर्न आला की जे कार्ड चमकतंय त्यावर टॅप करून मोकळे होतात. हा गेम जिंकायचा असेल तर पुढच्या फेरीचा हिशोब टॅप करायच्या आधी डोक्यात व्हायला पाहिजे. खालची प्रत्येक स्टेप त्यासाठीच आहे.

एक फेरी कशी चालते

एका लढाईत ३ ते ५ हिरो, १ व्हिलन आणि १ एन्व्हायर्नमेंट म्हणजे लढाईची जागा. तिघांचे वेगवेगळे डेक. हिरोचा डेक ४० कार्डांचा, व्हिलनचा २५ चा, एन्व्हायर्नमेंटचा १५ चा. एकटे खेळत असाल तर सगळे हिरो तुम्हीच चालवता, त्यामुळे तीन हिरो घेणं सक्तीचं आहे याला घाबरू नका.

आधी व्हिलनचा टर्न, मग तुम्ही लावलेल्या क्रमाने एकेक हिरो, शेवटी एन्व्हायर्नमेंट. हिरोच्या टर्नमध्ये तीन कामं आणि ती याच क्रमाने: एक कार्ड खेळा, एक पॉवर (कार्डावर लिहिलेली क्षमता) वापरा, एक कार्ड ओढा. सुरुवातीला हातात ४ कार्डं असतात. यातलं कुठलंही काम सोडता येतं, आणि कार्ड पण नाही खेळलं आणि पॉवर पण नाही वापरली तर एकाऐवजी २ कार्डं ओढता येतात. हे शेवटचं नवीन लोक कधीच वापरत नाहीत कारण टर्न वाया गेल्यासारखा वाटतो, पण हातात सगळी भंगार कार्डं असतील तर दुसऱ्या फेरीतच दोन ओढून घेणं हे पाचव्या फेरीत रिकाम्या हाताने बसण्यापेक्षा कधीही बरं.

हिरोचे एचपी शून्य झाले म्हणजे तो गेला असं नाही. त्याचं कार्ड उलटतं आणि पुढे दर टर्नला त्याला तीन छोट्या क्षमतांपैकी एक वापरता येते, बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाला तरी कार्ड खेळू देणं, पॉवर वापरू देणं, कार्ड ओढू देणं अशा टाइपच्या. त्यामुळे एखादा हिरो पडला म्हणून लगेच गेम बंद करून नवीन सुरू करू नका. पडलेल्या हिरोने रा नावाच्या हिरोसारख्या मारणाऱ्याला एक जास्तीची पॉवर दिली आणि त्यावर गेम जिंकला असं यात नेहमी होतं. सगळेच्या सगळे हिरो पडले तरच हार, किंवा मग व्हिलनच्या किंवा एन्व्हायर्नमेंटच्या कार्डावर एखादी वेगळी हरायची अट लिहिलेली असते तेव्हा. ती अट पहिल्या मिनिटाला वाचायची. पुढे त्यावर बोलूच.

टीम निवडणं

बेस गेममध्ये १० हिरो, ४ व्हिलन आणि ४ जागा मिळतात. ३, ४ किंवा ५ जणांच्या टीम मोजल्या तर ५८२ होतात, गुणिले १६, म्हणजे ९,३१२ वेगवेगळ्या लढाया. एवढ्यातून नवीन माणसाने काय उचलायचं? माझं स्पष्ट मत: लेगसी, रेथ, रा आणि टेम्पेस्ट, याच क्रमाने.

चारच का, तर तीन हिरोंमध्ये तुमच्या बाजूने एका फेरीत कामं कमी होतात आणि एक पडला की टीम उघडी पडते, पाचमध्ये लक्षात ठेवायला खूप होतं. शिवाय व्हिलनच्या कार्डांवर एच असं अक्षर दिसेल, त्याचा अर्थ हिरोंची संख्या, म्हणजे हिरो वाढले की व्हिलनचा मार पण त्या प्रमाणात वाढतो. चार हा मधला आकडा बरोबर बसतो.

लेगसीची बेस पॉवर गॅल्व्हनाइज, त्याच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत सगळ्या हिरोंचं डॅमेज १ ने वाढतं. ऐकायला एवढंसं वाटतं, पण अख्ख्या गेमचा पाया हाच आहे. रा ची पॉवर पायर, एका टार्गेटला (एचपी असलेलं, मारता येईल असं कार्ड) २ फायर डॅमेज, सरळसोट मारणारा माणूस. टेम्पेस्टची पॉवर स्क्वॉल, सगळ्या नॉन-हिरो टार्गेट्सना १ डॅमेज, आणि त्याच्याकडे क्लीन्सिंग डाउनपोर नावाचं कार्ड आहे ज्याने सगळ्यांना २ एचपी परत देता येतात. रेथ ही गॅजेटवाली, सुरुवातीला हळू, पण युटिलिटी बेल्ट आला की एका टर्नमध्ये दोन पॉवर वापरते आणि स्टन बोल्टने समोरच्याचं डॅमेज कमी करते.

ज्यांना सुरुवातीला हात लावू नका ते पण सांगतो. ॲब्सोल्यूट झिरो हा जबरदस्त हिरो आहे पण तो स्वतःलाच थंड किंवा फायर डॅमेज देऊन त्यावर चालतो आणि त्याची इक्विपमेंट लागल्याशिवाय नुसता मार खात बसतो, गेमचा अंदाज आल्यावर घ्या. बंकर पण मोड बदलत बदलत खेळायचा असतो, त्याला वेळ लागतो. हाका मात्र सोपा आहे, पोत्याने एचपी, हाणामारी, चारातला एखादा आवडला नाही तर बिनधास्त हाकाला घ्या, फक्त त्याच्या रॅम्पेज कार्डाबद्दल पुढे जे लिहिलंय ते वाचून मग.

हिरोंचा क्रम

टीम लावताना ज्या क्रमाने हिरो ठेवाल त्याच क्रमाने ते शेवटपर्यंत खेळणार, मध्ये बदलता येत नाही. बरेच जण चित्र आवडलं तसं लावतात. याला क्रिकेटच्या बॅटिंग ऑर्डरसारखं बघा, कोण आधी जाऊन पिच बघणार आणि कोण शेवटी येऊन फटके मारणार ते आधी ठरलेलं पाहिजे.

मदत करणारा आधी, मारणारा नंतर, हा साधा नियम. लेगसी पहिला असेल तर पहिल्याच फेरीत गॅल्व्हनाइजचा फायदा मागच्या तिघांना मिळतो, शेवटी ठेवलात तर पहिली फेरी सगळे कोरडेच मारतात. आता इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती कळली की लेगसी कसा खेळायचा ते कळतं. गॅल्व्हनाइज त्याच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीला संपतं, आणि टर्नमध्ये कार्ड खेळणं आधी, पॉवर नंतर. म्हणजे लेगसीने स्वतः मारायचं कार्ड खेळलं तेव्हा जुनं गॅल्व्हनाइज संपलेलं असतं आणि नवीन अजून लागलेलं नसतं, स्वतःच्या पॉवरचा फायदा त्याला स्वतःच्या टर्नमध्ये मिळतच नाही. म्हणून लेगसीकडून मारामारीची अपेक्षा कमी ठेवा, त्याच्या हातातून इन्स्पायरिंग प्रेझेन्स सारखी कार्डं आधी टेबलावर येऊ द्या. ते ऑनगोइंग कार्ड आहे, टेबलावर राहतं, सगळ्यांचं डॅमेज कायमचं १ ने वाढवतं आणि येताना सगळ्यांना १ एचपी पण देतं. हे कार्ड पहिल्या हातात असेल तर दुसरा विचार न करता तेच खेळा.

टेम्पेस्ट शेवटी का, तर तोपर्यंत टेबलावर काय उरलंय ते कळलेलं असतं. रा ने मोठं टार्गेट अर्धं केलं, मग स्क्वॉलने उरलेली फुटकळ मंडळी एका झटक्यात साफ.

डॅमेजचं गणित, हे नीट वाचा

सगळा गेम इथे जिंकला जातो.

समजा लेगसीने गॅल्व्हनाइज वापरलं, इन्स्पायरिंग प्रेझेन्स टेबलावर आहे आणि रा कडे स्टाफ ऑफ रा आहे जो त्याचं डॅमेज १ ने वाढवतो. पायर मुळात २, आता ५. ठीक, चांगलं आहे. आता तेच टेम्पेस्टकडे बघा, स्टाफ नाही, पण लेगसीचे दोन्ही लागू, म्हणजे स्क्वॉल १ चा ३ झाला, आणि समोर पाच टार्गेट्स असतील तर प्रत्येकाला ३, एकूण १५ डॅमेज एका पॉवरमध्ये. म्हणजे एकेक करून वाढणारं डॅमेज हे मोठ्या एका फटक्यापेक्षा छोट्या छोट्या अनेक फटक्यांना जास्त फायद्याचं. ज्या हिरोकडे अनेकांना मारायचं किंवा एकालाच दोन-तीनदा मारायचं कार्ड आहे त्याच्या आधी बूस्ट तयार करून ठेवायचे.

हेच उलट्या बाजूने पण. व्हिलनकडे डॅमेज १ ने कमी करणारं काही आलं, उदाहरणार्थ बॅरन ब्लेडचं लिव्हिंग फोर्स फील्ड, तर बूस्ट नसलेलं स्क्वॉल त्याच्यावर शून्य होतं आणि एकच मोठा फटका मारणाऱ्याचं फक्त १ जातं. त्यामुळे असं कार्ड आलं की दोनच रस्ते, एक तर ते ऑनगोइंग फोडणारं कार्ड ज्याच्याकडे आहे त्याने लगेच फोडायचं, टॅकियॉन ही हिरो या कामात चांगली आहे, नाही तर त्या फेरीत व्हिलनला सोडून बाकीच्यांची साफसफाई करायची.

आता धोका. बूस्टच्या कार्डावर हिरो टार्गेट्सनी दिलेलं सगळं डॅमेज वाढतं असं असतं. सगळं म्हणजे स्वतःला किंवा मित्राला दिलेलं पण. हाकाचं रॅम्पेज सगळ्या नॉन-हिरोंना ५ डॅमेज देतं आणि बाकीच्या हिरोंना २. वरचे दोन बूस्ट लागलेले असतील तर शत्रूला ७ जातात हे बघून आपण खूश होतो आणि त्याच वेळी आपल्याच तीन माणसांना प्रत्येकी ४ जातात. एकूण १२ एचपी आपणच आपले उडवले. रॅम्पेज वापरायचंच नाही असं नाही, समोर सहा-सात टार्गेट्स असताना ते गेम वाचवतं, पण टॅप करायच्या आधी आपल्या माणसांचे एचपी एकदा बघा.

यातून एक सुंदर जोडी निघते. रा चं फ्लेश ऑफ द सन गॉड त्याला फायर डॅमेजपासून पूर्ण सुरक्षित करतं, आणि त्याचंच इंब्यूड फायर सगळ्या हिरोंचं डॅमेज फायर करून वर १ वाढवतं. दोन्ही टेबलावर असतील तर हाकाचं रॅम्पेज पण फायर होतं आणि रा ला काहीच लागत नाही. अशा जोड्या कोणी शिकवत नाही, कार्डं वाचून स्वतःला सापडतात, आणि सापडली की त्या दिवशी झोप येत नाही!

शब्दांकडे पण लक्ष द्या. कार्डावर नॉन-हिरो टार्गेट लिहिलं असेल तर त्यात एन्व्हायर्नमेंटमधले प्राणीबिणी पण आले, व्हिलन टार्गेट लिहिलं असेल तर ते नाही आले. इन्सुला प्रायमॅलिस या डायनासोरच्या बेटावर हा फरक फार मोठा असतो, कारण तिथला टी-रेक्स कधी कधी व्हिलनच्याच माणसांना मारत असतो आणि त्याला जिवंत ठेवण्यात आपला फायदा असतो.

पहिली लढाई: बॅरन ब्लेड, मेगालोपोलिस

पहिला व्हिलन बॅरन ब्लेडच घ्या, जागा मेगालोपोलिस, मोड साधा, ॲडव्हान्स्डला आत्ता हात लावायचा नाही. गेम सुरू झाला की पहिलं काम, बॅरन ब्लेडच्या कार्डावर टॅप करून ते मोठं करा आणि दोन्ही बाजू वाचा. एचपी ४०. आणि हरायची अट: त्याच्या टर्नच्या सुरुवातीला त्याच्या ट्रॅशमध्ये (वापरून झालेल्या आणि फुटलेल्या कार्डांचा ढीग) १५ किंवा जास्त कार्डं असतील तर तो चंद्र पृथ्वीवर ओढून आणतो आणि गेम संपला, तुमचे सगळ्यांचे एचपी फुल असले तरी.

या अटीत एक गंमत आहे. त्याचा मिनियन (हाताखालचा माणूस) मारला की तो ट्रॅशमध्ये जातो, मशीन फोडलं की ते पण ट्रॅशमध्ये. म्हणजे तुम्ही जितकी साफसफाई कराल तितका चंद्र जवळ येतो! शिवाय हेस्टन डूम सारखं कार्ड आलं की सगळ्यांना मार बसतोच आणि वर अजून एक कार्ड खेळलं जातं. साधारण दहा-बारा फेऱ्या हातात आहेत असं धरून चाला, आणि दर दोन फेऱ्यांनी त्याच्या ट्रॅशवर टॅप करून आकडा बघा. सात-आठ झाले की मिनियन मारणं कमी करून सगळा मार बॅरनवर.

पण बॅरनवर सुरुवातीला मारताच येत नाही. त्याच्यासोबत मोबाइल डिफेन्स प्लॅटफॉर्म टेबलावर येतो, १० एचपीचा, आणि तो आहे तोपर्यंत बॅरनला डॅमेज लागत नाही. सो पहिल्या दोन फेऱ्यांचं टार्गेट ठरलेलं. आता नुसत्या पॉवर्सवर हिशोब करून दाखवतो, हातात एकही मारायचं कार्ड आलं नाही असं धरून. लेगसी गॅल्व्हनाइज करतो. रा चा पायर २ चा ३, प्लॅटफॉर्म ७ वर. टेम्पेस्टचं स्क्वॉल १ चा २, प्लॅटफॉर्म ५ वर. दुसऱ्या फेरीत लेगसी पुन्हा गॅल्व्हनाइज, रा पुन्हा ३, प्लॅटफॉर्म २ वर. आता टेम्पेस्टचं स्क्वॉल, २ डॅमेज, प्लॅटफॉर्म गेला.

आणि इथेच थांबा, कारण हा या लढाईतला सगळ्यात गोड क्षण आहे. स्क्वॉल सगळ्यांना मारतं तेव्हा कोणाला आधी हे तुम्ही ठरवू शकता. बॅरनला आधी निवडलंत तर प्लॅटफॉर्म अजून उभा आहे म्हणून त्याला शून्य. प्लॅटफॉर्मला आधी निवडलंत तर तो फुटतो, बॅरन उघडा पडतो, आणि त्याच स्क्वॉलमध्ये त्याला पण २ बसतात. क्रम ॲपवर सोडून देऊ नका, निदान जिथे फरक पडतो तिथे तरी स्वतः निवडा. असंच टायच्या वेळी पण होतं, व्हिलनचं कार्ड सगळ्यात जास्त एचपीवाल्या हिरोला मारणार असेल आणि दोघांचे सारखे असतील तर ॲप तुम्हाला विचारतं, तेव्हा घाईत पहिल्या नावावर टॅप न करता ज्याच्याकडे डॅमेज कमी करणारं काही आहे त्याला पुढे करा.

या दोन फेऱ्यांत रेथने काय करायचं? इक्विपमेंट लावायची, बस. तिला मारायची घाई करू नका. युटिलिटी बेल्ट किंवा मायक्रो-टार्गेटिंग कॉम्प्युटर आलं तर ते आधी.

तिसऱ्या फेरीपासून बॅरनवर मार सुरू. बॅरन आणि लेगसी एकमेकांचे नेमेसिस आहेत, दोघांच्या कार्डावर सारखं चिन्ह दिसेल, म्हणजे लेगसी बॅरनला मारताना १ जास्त आणि बॅरन लेगसीला मारताना पण १ जास्त. लेगसीचे एचपी ३२ आहेत, बऱ्यापैकी आहेत पण त्याच्यावर लक्ष ठेवा, तो पडला की टीमचे बूस्ट जातात. बॅक्लॅश फील्ड टेबलावर असेल तर बॅरनला मारणाऱ्यालाच उलटा फटका बसतो, तेव्हा छोट्या फटक्यांनी त्याला डिवचत बसू नका. आणि फ्लेश-रिपेअर नॅनाइट्स आलं की तो १० एचपी परत घेतो, तेव्हा निराश व्हायचं नाही, हे होणारच असतं, हिशोबात धरून ठेवायचं.

आता शेवट. बॅरनचे एचपी शून्य झाले की तो मरत नाही. कार्ड उलटतं आणि तो ३० एचपी घेऊन परत उभा राहतो, आता पॉवर सूट घालून स्वतः मारायला. ज्यांनी दुसरी बाजू वाचलेली नसते ते सगळी मोठी कार्डं पहिल्या ४० मध्येच संपवून बसलेले असतात. म्हणून बॅरन १० च्या खाली आला की एक फेरी थोडी आवरती घ्या, क्लीन्सिंग डाउनपोरने सगळ्यांचे एचपी वाढवा, हातात दोन-दोन तरी चांगली कार्डं जमवा, लेगसीचं हिरोइक इंटरसेप्शन हातात असेल तर ते राखून ठेवा (स्वतः मार खाऊन तो बाकीच्यांना एक फेरी वाचवतो), आणि मगच शेवटचा फटका. फक्त ट्रॅशचा आकडा बघून. तो तेरा-चौदावर असेल तर आवरतं घेण्याची चैन नाही, तेव्हा सरळ मारायचं.

एन्व्हायर्नमेंटला विसरू नका

नवीन खेळाडू एन्व्हायर्नमेंटचा टर्न आला की नुसतं बघत बसतो. तसं करू नका. ही कार्डं कुणाच्याच बाजूची नसतात. ऑब्सिडियन फील्ड सगळ्यांचंच डॅमेज १ ने वाढवतं, तुमच्याकडे छोटे अनेक फटके असतील तर ते ठेवा, व्हिलनकडे मिनियनची फौज असेल तर काढा. बऱ्याच कार्डांवर ते कसं घालवायचं तेही लिहिलेलं असतं, कार्डं टाकून किंवा टर्न सोडून. वॅग्नर मार्स बेसवर सेल्फ-डिस्ट्रक्ट सिक्वेन्स आलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते, कारण तिथे तळच उडाला तर गेम तुमचा गेला.

पुढे काय खेळायचं

बॅरन नीट जमायला लागला की ऑम्निट्रॉन. ८० एचपीचा रोबोट, ड्रोन सोडत राहतो आणि तुमची लावलेली इक्विपमेंट आणि ऑनगोइंग उडवतो. इथे रेथ आणि बंकर सारख्यांचं सगळं एका झटक्यात जाऊ शकतं म्हणून सगळं टेबलावर मांडू नका, एक-दोन कार्डं हातात ठेवून खेळा. मग ग्रँड वॉरलॉर्ड व्हॉस, त्याची मिनियनची फौज सुरुवातीपासूनच टेबलावर असते आणि ती वाढू दिली तर पृथ्वी जिंकून घेतो. टेम्पेस्ट त्याचा नेमेसिस, आणि स्क्वॉल अशा गर्दीसाठीच बनलेलं आहे, त्यामुळे इथे टेम्पेस्टशिवाय जायचंच नाही असं मी म्हणेन. सिटिझन डॉन शेवटी. तिची माणसं मारत सुटलात तर ती उलटते आणि तिला डॅमेजच लागत नाही, म्हणजे कोणाला कधी मारायचं हे मोजून करावं लागतं. बेस गेममध्ये मला तीच सगळ्यात कठीण वाटते.

खेळता खेळता हिरो आणि व्हिलनची व्हेरिएंट कार्डं उघडत जातील, म्हणजे तोच डेक पण कॅरेक्टर कार्ड आणि बेस पॉवर वेगळी. ती उघडण्याच्या अटी गेम सांगत नाही, कथेशी जोडलेल्या गुपित अटी असतात. माझा आग्रह, पहिल्यांदा यादी बघून उघडू नका, नेमेसिसच्या जोड्या लावून त्यांच्या त्यांच्या जागी लढवत राहा, काही आपोआप सापडतात आणि तेव्हा जो आनंद होतो तो यादी बघून होत नाही.

एक्स्पान्शन, म्हणजे वेगळे विकत घ्यायचे जादा पॅक, घ्यायची घाई नको. बेसमधले चारही व्हिलन एकदा तरी हरवा मग बघा. रूक सिटी मधला चेअरमन किंवा शॅटर्ड टाइमलाइन्स मधला आयर्न लेगसी हे चांगल्या चांगल्यांना रडवतात, आणि आयर्न लेगसी म्हणजे आपला लाडका लेगसीच वाईट झालेला, त्याच्यासमोर पहिल्या दोन फेऱ्यांतच टीम आडवी होऊ शकते. त्याआधी युनिटी किंवा स्कॉलर सारखे छोटे पॅक घेऊन नवीन हिरो ट्राय करणं जास्त चांगलं. स्टीमवर सेल लागले की एकत्र पॅक बघा.

यूट्यूबवर व्हिडिओ बघून शिकणार असाल तर एक लक्षात ठेवा. टेबलावरच्या गेमची नंतर डेफिनिटिव्ह एडिशन आली, त्यात बरीच कार्डं आणि आकडे बदलले. हे ॲप आधीच्या एडिशनवर आहे. व्हिडिओत बॅरन ब्लेड वेगळंच काही करताना दिसला तर गोंधळू नका, ॲपमधलं कार्ड प्रमाण माना. आणि कथेत रस असेल तर बडेल आणि रेबोटारो यांचा द लेटर्स पेज नावाचा पॉडकास्ट आहे, प्रत्येक हिरोचा इतिहास त्यात तासतासभर सांगितलाय.

मित्रांबरोबर खेळायचं असेल तर दोन प्रकार. एकच टॅब फिरवत खेळा, किंवा ऑनलाइन, ज्यात एक जण पीसीवर आणि दुसरा टॅबवर असला तरी चालतं, त्यामुळे पुण्यातला एक आणि अमेरिकेतला एक असं पण जमतं, वेळ तेवढी जुळवा. ऑनलाइन खेळताना सोबत व्हॉट्सॲप कॉल चालू ठेवा. पहिल्या फेरीच्या आधी एवढंच ठरवा की बूस्ट कोण देणार, फुटकळ टार्गेट्स कोण साफ करणार आणि ऑनगोइंग फोडायचं कार्ड कोणाकडे आहे. आणि नवीन मित्राला टेम्पेस्ट द्या, लेगसी तुम्ही घ्या, म्हणजे त्याच्या प्रत्येक स्क्वॉलला तुमचा एक जास्तीचा आकडा लागेल आणि पहिल्याच गेममध्ये त्याला टेबल साफ करायला मिळेल.